भरावावरची भिंत

मराठवाड्याला कुंपण नवे नाही. शेताला बांध असतो, गढीला बुरूज असतो, कब्रस्तानाच्या कडेने दगडांची ओळ असते आणि काहीच जमले नाही तर बाभळीच्या काट्यांचे कुंपण तरी असतेच. माणूस जिथे वस्ती करतो तिथे आधी आपली हद्द ठरवतो. ‘हद्द’ हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने तो दख्खनेत आला आणि मराठीत असा मुरला की आज तो कुणाला परका वाटत नाही. जमीन, मालक, हक्क, कब्जा, दस्त या शब्दांचेही तसेच आहे. शेजाऱ्याशी हद्दीवरून भांडताना इथला हिंदू आणि मुसलमान, दोघेही हेच शब्द वापरतात. भांडणापुरती तरी आमची भाषा एकच आहे.

परंतु आज आम्हाला लिहायचे आहे ते एका वेगळ्या कुंपणाविषयी. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरे चहूबाजूंनी शेतात शिरली. नांदेडमध्ये देगलूर नाक्यापुढे जा, लातुरात औसा रस्त्याने जा. जिथे ज्वारी आणि तूर उभी असायची तिथे चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेले दिसतात. शेत गेले आणि गुंठे आले. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि २०२१ मध्ये दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्याच्या कक्षेत घेतले. आमच्या समाजातला रिक्षावाला, गॅरेजवाला, मिस्त्री, शिक्षक यांनी आयुष्याची पुंजी घातली ती बहुधा अशाच एखाद्या गुंठ्यात. जागा स्वस्त मिळाली, कारण ती सखल होती, नाल्याकडेची होती, पावसाळ्यात तिथे पाणी साचत असे.

मग भराव आला. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावर तीन फूट भराव घालायचा तर ३२६७ घनफूट, म्हणजे सुमारे ३३ ब्रास मुरूम लागतो. तो दबून बसणार म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्तच. टिपरवर टिपर रिकामे होतात, जमीन शेजारच्या जमिनीच्या वर येते आणि मुरूम वाहून जाऊ नये म्हणून मालक सगळ्यात आधी घर बांधत नाही, भिंत बांधतो. तिला कुणी वॉल कंपाऊंड म्हणतात, सरकारी कागदात ती संरक्षक भिंत असते.

आमचा प्रश्न साधा आहे. स्वतःच्या मोजलेल्या जागेत, स्वतःच्या हलाल कमाईतून, शेजाऱ्याच्या हद्दीत एक बोटही न शिरता बांधलेली ही भिंत शेजाऱ्यावर जुलूम ठरू शकते का? आम्हाला वाटते, ठरू शकते. आणि ती तशी ठरू नये यासाठी काय करावे लागेल याचा विचार दीन आणि व्यवहार या दोन्ही अंगांनी करणे आवश्यक आहे.

माती काय सांगते

आधी मातीचेच ऐकू. आमच्या भागातली काळी माती कापसाला चांगली आणि बांधकामाला वाईट, हे कोणताही जुना मिस्त्री सांगेल. पाणी प्याली की ती फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणाने. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्यात वरचे बांधकाम वर-खाली होत राहते. गंमत अशी की जड इमारतीपेक्षा हलक्या बांधकामाला याचा त्रास अधिक होतो, कारण मातीचे फुगणे दाबून धरण्याइतके वजन त्याच्यात नसते. कुंपणाची भिंत ही अशीच हलकी असते. चार-पाच पावसाळ्यांत तिला तिरपे तडे का जातात याचे उत्तर हे आहे.

रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी खालच्या टोकाला फुगवलेल्या खांबांचा पाया विकसित केला. जिथपर्यंत ओल आणि उन्हाचा खेळ चालतो त्याच्या खाली, साधारण साडेतीन मीटरपर्यंत, हे खांब नेले जातात. त्यांच्यावरची आडवी तुळई जमिनीला टेकवत नाहीत. खाली मोकळी फट ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी ती भिंतीला उचलत नाही. एवढा खर्च न झेपणारे आमचे मिस्त्री काळी माती संपून कठीण मुरूम लागेपर्यंत खड्डे खोदतात. दोन्हीचा अर्थ एकच. वरच्या थरावर विश्वास ठेवायचा नाही.

भरावाची गोष्ट याहून अवघड. भराव सहा-सहा, नऊ-नऊ इंचांचे थर देऊन, पाणी मारून, रोलर फिरवून किंवा धुम्मसाने ठोकून घालावा लागतो. टिपरने ओतला आणि फावड्याने सारखा केला, तर तो पुढची काही वर्षे बसतच राहतो, आणि तोही कुठे दोन इंच, कुठे सहा. अशा भरावावर पाया ठेवला तर भिंत त्याच्याबरोबर खचते. शिवाय एका बाजूला तीन फूट भराव आणि दुसऱ्या बाजूला मोकळी जागा असेल, तर ती भिंत केवळ आडोसा राहत नाही. मातीचा रेटा तिच्यावर येतो. पावसात त्या मातीत पाणी तुंबले की रेटा कितीतरी वाढतो. म्हणून भिंतीत ठिकठिकाणी पाणी निघायला भोके ठेवावी लागतात. ती ठेवली नाहीत तर भिंत कोसळते, आणि कोसळते ती खालच्या बाजूला.

हे केवळ पुस्तकी नाही. २९ जून २०१९ रोजी पुण्याच्या कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत खालच्या मजूर वस्तीवर कोसळली आणि १५ जण मरण पावले. पोट भरण्यासाठी दुसऱ्या राज्यांतून आलेले ते मजूर होते. लहान मुलेही त्यांत होती. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात मुसळधार पावसात जलाशयाच्या आवाराची भिंत झोपड्यांवर पडली आणि वीसहून अधिक माणसे गेली. दोन्ही ठिकाणी भिंतीच्या वरच्या अंगाला सुरक्षितता होती आणि खालच्या अंगाला गरिबी. भिंत बांधताना वरच्या लोकांनी स्वतःच्या संरक्षणाचा विचार केला असणार. खाली राहणाऱ्याच्या दृष्टीने त्या भिंतीचा अर्थ काय, हा विचार मात्र राहून गेला.

लातूर जिल्ह्याला तर भिंतीचा अर्थ वेगळा सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत सरकारी आकड्यांप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतली बहुसंख्य भूकंपाने नव्हे, भिंतींनी मारली. दोन-अडीच फूट रुंदीच्या त्या दगड-मातीच्या भिंती दिसायला भक्कम होत्या, पण त्यांचे आतले आणि बाहेरचे अंग एकमेकांना बांधलेले नव्हते. धक्का बसताच दोन्ही अंगे सुटली आणि वरचे मातीचे माळवद खाली आले. भूकंपानंतरच्या दुरुस्तीत गवंड्यांना शिकवले गेले ते हेच, की ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा दगड घाला, म्हणजे दोन्ही अंगे एकमेकांना धरून राहतील. जाडी म्हणजे मजबुती नव्हे, हा धडा त्या पहाटे फार मोठ्या किमतीला मिळाला.

रकबा आणि हज्म

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. गणिताच्या तासाला मुलांना दोन शब्द वेगळे करून सांगावे लागतात. रकबा म्हणजे क्षेत्रफळ, लांबी गुणिले रुंदी. हज्म म्हणजे घनफळ. त्यात उंची येते. मुले पहिल्या-पहिल्यांदा उंची विसरतात आणि उत्तर चुकते.

आमच्या जमिनीच्या सगळ्या कागदांत फक्त रकबा आहे. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र असते, भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणी नकाशात लांबी-रुंदी आणि हद्दीच्या खुणा असतात, खरेदीखतात चतुःसीमा असतात. प्लॉट शेजारच्या प्लॉटपेक्षा किती उंच किंवा किती सखल, हे त्यांत कुठेच नसते. त्यामुळे अन्यायाची जी जुनी रीत होती, दरसाल नांगराने वीतभर बांध कोरायचा, ती कागदावर पकडता येते. मोजणी आणली की चोरी उघडी पडते. नवी रीत मात्र पकडता येत नाही. इथे कुणी कुणाच्या जागेत शिरत नाही. आपल्याच जागेत वर चढतो. रकबा जसाच्या तसा राहतो. बदलतो तो हज्म.

आणि त्यातून काय होते ते आमच्या वसाहतींत दर पावसाळ्यात दिसते. पहिला आला त्याने दोन फूट भरले. त्याचे पाणी बाजूच्या प्लॉटात गेले. बाजूवाल्याने घर बांधताना तीन फूट भरले. आता पहिला खाली आला. मग रस्ता झाला तो जुन्या रस्त्यावरच नवा थर देऊन, आणि दोघेही खाली गेले. तिसऱ्याने हे सगळे पाहून चार फूट भरले आणि भोवती भक्कम भिंत घातली. या शर्यतीत जो शेवटी बांधतो तो जिंकतो आणि जो सर्वांत आधी, सर्वांत कमी पैशात बांधून बसला तो हरतो. बहुधा ती एखादी बेवा असते, नवऱ्याच्या हयातीत दोन खोल्या झाल्या तेवढ्याच. तिच्या उंबरठ्यातून गटाराचे पाणी आत येते. लोक तिला सहजपणे सांगतात, ‘खाला, तुम्ही पण चार टिपर टाकून घ्या ना.’ घराखाली भराव घालता येत नाही, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते.

इथे एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. खालाने सखल जागा स्वस्तात घेतली, मग पाणी तिच्याकडे येणारच. हे म्हणणे अर्धे खरे आहे. जमीन सखल असेल तर निसर्गतः वरून येणारे पाणी सखल जागेला घ्यावेच लागते. तिला ते अडवता येत नाही. पण तिने जो उतार विकत घेतला तो त्या दिवशीचा उतार होता. पुढे शेजाऱ्याने हाताने तयार केलेला उतार तिच्या खरेदीखतात नव्हता. निसर्गाचे पाणी आणि माणसाने वळवलेले पाणी यांत फरक आहे. आमच्या मते या सगळ्या प्रश्नाची किल्ली याच फरकात आहे.

शेतीच्या बाबतीत कायद्याने यातली एक बाजू ओळखली आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे, शेतजमिनीवरून शेजारच्या जमिनीकडे नैसर्गिकपणे वाहणारे पाणी कुणी बेकायदा अडवले आणि त्याने नुकसान होत असेल, तर तहसीलदाराला तो अडथळा काढायला लावता येतो. म्हणजे सखल जागेवाल्यानेही भिंतीचे धरण करून वरच्याचे शेत बुडवायचे नाही. जबाबदारी दोन्हीकडे आहे. परंतु शेताचा प्लॉट झाला की हा मार्ग राहत नाही, आणि महापालिकेची नाली यायला कधी कधी दहा-दहा वर्षे लागतात. कायदा आणि नाली यांच्या मधल्या या काळात माणसाजवळ उरतो तो त्याचा ईमान.

दोन भिंती

कुरआनात भिंतींचे उल्लेख आहेत. त्यांतले दोन प्रसंग आम्हाला या संदर्भात फार महत्त्वाचे वाटतात.

पहिला सूरह कहफमधला. हजरत मूसा (अ.) आणि परंपरेने ज्यांना हजरत खिज्र म्हटले जाते ते अल्लाहचे बंदे एका गावात येतात. गावकरी त्यांना जेवूही घालत नाहीत. तिथे एक भिंत पडायला आलेली असते. खिज्र ती नीट करतात आणि मजुरी घेत नाहीत. मूसा (अ.) यांना आश्चर्य वाटते. पुढे उलगडा होतो की ती भिंत दोन यतीम मुलांची होती, तिच्याखाली त्यांचा ठेवा होता आणि मुले मोठी होईपर्यंत तो सुरक्षित राहावा ही अल्लाहची इच्छा होती. म्हणजे भिंत ही स्वतः वाईट गोष्ट नाही. दुबळ्याची अमानत राखणारी भिंत उभी करणे हे नेक काम आहे, मग ते गाव आपल्याशी कसेही वागलेले असो.

दुसरा प्रसंग सूरह तौबामधला, मस्जिद-ए-जिरारचा. मदिनेजवळ काही लोकांनी मशीद बांधली. नाव इबादतीचे, पण हेतू नुकसान करण्याचा आणि मोमिनांत फूट पाडण्याचा. कुरआनने तिला नाकारले. तिथेच कुरआन विचारतो की ज्याने आपल्या इमारतीचा पाया अल्लाहच्या भयावर ठेवला तो चांगला, की ज्याने तो पाण्याने खालून पोखरलेल्या, ढासळणाऱ्या कडेवर ठेवला आणि जो तिच्यासकट आगीत कोसळला? तिथला ‘जुरुफ’ हा शब्द ओढ्याच्या पुराने खालून खाल्लेल्या काठासाठी आहे. गोदावरी, आसना, मांजरा, तेरणा यांचे काठ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या शब्दाचे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. वरून जमीन सपाट दिसते, गवतही असते. खाली पोकळी असते.

आता शब्दाकडे पाहा. ‘जिरार’ आणि आपण उर्दूत वापरतो तो ‘जरर’, म्हणजे नुकसान, हे एकाच धातूचे शब्द आहेत. हेच दोन शब्द एका प्रसिद्ध हदीसमध्ये जोडीने आले आहेत. इमाम मालिक यांच्या मुवत्तात आणि इब्न माजामध्ये ती आहे. आशय असा की इस्लाममध्ये नुकसान करणेही नाही आणि नुकसानीला नुकसानीने उत्तर देणेही नाही. फिकहच्या मोठ्या नियमांत तिची गणना होते. उस्मानी सल्तनतीने एकोणिसाव्या शतकात ‘मजल्ला’ हा दिवाणी कायदा तयार केला, त्याच्या आरंभीच्या कलमांत हा नियम घातला गेला.

कुणाच्या भिंतीला मस्जिद-ए-जिरार म्हणण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. त्या लोकांचा हेतूच वाईट होता. आमच्या भराव घालणाऱ्या शेजाऱ्याचा हेतू आपले घर कोरडे राहावे एवढाच असतो. परंतु ‘जरर’ हेतूशिवायही होतो. पाणी हेतू विचारत नाही. आणि हदीसचा दुसरा भागही विसरता येत नाही. शेजाऱ्याने दोन फूट भरले म्हणून आपण तीन भरायचे, हे नुकसानीला नुकसानीने दिलेले उत्तरच आहे. आमच्या वसाहतींतली भरावाची शर्यत नेमकी याच ठिकाणी हराम-हलालच्या प्रश्नाला येऊन भिडते, आणि आम्ही मात्र तिला फक्त मिस्त्रीचा प्रश्न समजतो.

पाण्याची वाट

पाणी आणि भिंत यांचा वाद मदिनेतही झाला होता. हजरत जुबैर (रजि.) आणि एक अन्सारी यांच्या खजुरीच्या बागांना हर्राच्या खडकाळ भागातून येणाऱ्या एकाच पाटाचे पाणी होते. जुबैर वरच्या अंगाला, अन्सारी खालच्या. हजरत पैगंबर (स.) यांनी आधी सुचवले की जुबैरने थोडे पाणी घ्यावे आणि पुढे सोडावे. अन्सारीने नाराजीने, ते तुमचे आप्त आहेत म्हणून असा निवाडा, असे म्हटले. तेव्हा पैगंबरांनी जुबैर यांना त्यांचा पुरता हक्क दिला. पाणी बांधाच्या भिंतीला टेकेपर्यंत घ्या आणि मग सोडा. पुढे लोकांनी मोजून पाहिले तेव्हा ते माप पायाच्या घोट्याएवढे भरले. हा किस्सा बुखारीत आहे. वरच्याचा हक्क त्यात मान्य आहे, पण पुरत्या हक्कालाही घोट्याएवढी मर्यादा आहे आणि त्यानंतर ‘सोडा’ हा हुकूम आहे.

दुसरा किस्सा हजरत उमर (रजि.) यांच्या काळचा, मुवत्तामधला. जहाक बिन खलीफा यांना आपला पाट मुहम्मद बिन मस्लमा यांच्या जमिनीतून न्यायचा होता. ते नाही म्हणाले. उमर यांनी समजावले की यात तुमचेही भले आहे, आधीही तुम्हाला पाणी मिळेल आणि शेवटीही, नुकसान काहीच नाही. तरी ते मानेनात. तेव्हा उमर यांनी पाट जाणारच असे ठणकावून सांगितले आणि तो नेला गेला. मालकी पवित्र आहे हे उमर यांच्याहून अधिक कोण जाणत होते? तरीही, स्वतःचे काही न जाता केवळ ‘माझी जमीन’ म्हणून दुसऱ्याची वाट अडवणे हे त्यांनी मालकीत मोजले नाही.

आणखी एक हदीस आम्हा सर्वांना पाठ आहे. ज्याने वीतभर जमीन अन्यायाने घेतली त्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड पडेल. ती सांगणारे हजरत सईद बिन जैद (रजि.) यांच्यावरच एका बाईने जमीन बळकावल्याचा आरोप केला, तेव्हा हे ऐकल्यावर मी असे कसे करीन, असे म्हणून त्यांनी ती जमीन सोडून दिली. वाज ऐकताना आपण या हदीसमधली ‘वीतभर’ लक्षात ठेवतो. ‘सात जमिनी’ मात्र फक्त शिक्षेचे मोठेपण म्हणून ऐकतो. आम्हाला तिच्यात आणखी एक इशारा दिसतो. जमीन म्हणजे नुसता वरचा कागदासारखा पापुद्रा नाही. ती खोल आहे. तिच्या खाली जे होते, नाला होता, तळे होते, कुणाच्या गुरांचे चरणे होते, त्याचा हिशेबही जमिनीबरोबरच येतो. भराव घालून तो हिशेब झाकता येतो, मिटवता येत नाही. पाणी आणि चारा हे तर हदीसप्रमाणे सर्वांचे सामायिक. नाला बुजवून पाडलेल्या प्लॉटचा दस्त कितीही पक्का असो, घेणाऱ्याने त्या जागेची जुनी ओळख विचारायला नको काय?

आमच्या सामायिक भिंती

हा प्रश्न एकट्या घरमालकाचा असता तर एवढे लिहिले नसते. आज आम्ही समाज म्हणूनही भिंती बांधतो. कब्रस्तान, ईदगाह, शाळा, आशूरखाना; जिथे निधी मिळतो तिथे पहिली मागणी संरक्षक भिंतीची असते. आणि ती मागणी रास्त आहे. मराठवाड्यात वक्फच्या जमिनी फार, आणि त्यांवरची अतिक्रमणेही फार. कितीतरी कब्रस्तानांचे कोपरे टपऱ्यांनी आणि रस्त्यांनी खाल्ले. त्यांत परके होते तसे आमचेही होते. १९९५ च्या वक्फ कायद्यात २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर कागदपत्रे आणि नोंदणीची चिंता अधिकच वाढली आहे. अशा वेळी मेलेल्यांच्या जागेभोवती भिंत घालणे हे खिज्रच्या भिंतीसारखे काम आहे. ज्यांना स्वतः बोलता येत नाही त्यांची अमानत राखायची आहे.

पण म्हणूनच ती भिंत निर्दोष असायला हवी. कब्रस्तान बहुधा गावाच्या सखल कडेला, ओढ्याजवळ असते. वरच्या आळीचे पाणी वर्षानुवर्षे त्यातून वाहून जात असते. आम्ही रस्त्याच्या बाजूने भराव टाकतो, त्यावर एकसंध भिंत उभी करतो आणि पाण्याला मोरी ठेवत नाही. पहिल्या मोठ्या पावसात वरची आळी तुंबते. ती आळी दुसऱ्या समाजाची असेल तर पाण्याचा प्रश्न एका रात्रीत धर्माचा प्रश्न होतो. मोरी ठेवली असती तर जो वाद नालीइतकाच राहिला असता, तो पोलीस चौकीपर्यंत जातो. आणि आळी आमचीच असेल तर? तेव्हा वाद होत नाही, पण जरर तेवढाच होतो. उलट बाजूने पाहिले तर भिंतीआड पाणी अडून कब्रस्तानातच तळे होते, काळी माती फुगते आणि कबरी खचतात. ज्यांच्यासाठी भिंत बांधली त्यांचीच बेअदबी होते.

कुणी म्हणेल, आधीच इतकी असुरक्षितता, त्यात शेजाऱ्याच्या सोयीचे काय घेऊन बसलात? आमचे उत्तर असे की असुरक्षित माणसालाच शेजारी अधिक लागतो. किल्लारीच्या भिंतीत आरपार दगड नव्हता म्हणून तिची दोन अंगे सुटली. गावाच्या दोन आळ्यांत तो आरपार दगड म्हणजे परस्परांचा विश्वास, आणि तो भाषणांनी नव्हे, मोरीसारख्या लहान गोष्टींनी बसवला जातो.

मग करावे काय? आमच्या अल्प बुद्धीप्रमाणे तीन गोष्टी. पहिली, भराव टाकण्याआधी खालच्या अंगाच्या शेजाऱ्याला बोलवावे आणि पाणी आजवर कुठून जात होते ते त्याच्याकडून समजून घ्यावे. हे सौजन्य नव्हे, त्याचा हक्क आहे. कारण त्या पाण्याची माहिती आपल्यापेक्षा त्याला अधिक असते. दुसरी, नालीचा खर्च ज्याने उंची वाढवली त्याने करावा. पाणी त्याच्या भरावाने वळले आहे; खालच्याने आधीच ओल सोसली आहे, वरून पैसेही त्याच्याकडून मागणे बरे नव्हे. ३३ ब्रास मुरूम ज्याला परवडतो त्याला दोन-चार पाइपही परवडतात. तिसरी, भिंतीचा पाया भरावात न ठेवता खालच्या मूळ कठीण जमिनीपर्यंत न्यावा आणि भिंतीत पाणी निघायची भोके ठेवून त्यांच्यापुढे ती नाली काढावी. यात मालकाचाही फायदा आहे, त्याची भिंत टिकेल. पण फायदा नसता तरी हे करावेच लागले असते, कारण ती पडली तर पडणार आहे दुसऱ्यावर.

जमातीच्या आणि शाळांच्या कमिट्यांनी एवढे तरी करावे. अंदाजपत्रक मंजूर करताना लांबी, उंची आणि रक्कम पाहतो, तसा ‘पाण्याची वाट कुठे आहे’ हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर ठरावात लिहून ठेवावे. जुम्याच्या खुतब्यात शेजाऱ्याच्या हक्काचा विषय निघतो तेव्हा मौलाना साहेबांनी भरावाचे नाव घेऊन बोलावे. लोकांना वाटते, आम्ही शेजाऱ्याला शिवी दिली नाही, त्याच्या जागेत पाय ठेवला नाही, म्हणजे हक्क अदा झाला. जून महिन्यात कोणाच्या घरातले पाणी कोण उपसत आहे, हेही हक्काच्याच हिशेबात येते, हे त्यांना कुणीतरी मिंबरवरून सांगायला हवे.